आईचे अपूर्णांक

आईला गणित मी शिकवलं. हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आईनेच ते नळावर, जिन्यात, रेशनच्या रांगेत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी तेव्हा सातवीत होते, वर्गात गणितात पहिली यायचे आणि त्याचा मला भयंकर माज होता. आई तिसरीतून शाळा सुटलेली. बाबा मला दीडशहाणी म्हणायचे आणि मी त्यांच्यावर फुरंगटून बसायचे. आज म्हणते, बरोबरच म्हणायचे ते.

आमची चाळ घाटकोपरला, डोंगराच्या अंगाला. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच. नंतर ते ट्रॉम्ब्याच्या रस्त्यावर एका गोदामावर वॉचमन होते आणि घरी असले की झोपलेले असायचे. आई एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात बदली आया होती. बदली म्हणजे रोज सकाळी सातला प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायमवाल्या आया एकेक करून आत जाणार, त्या सगळ्या आल्या की हिने परत घरी यायचं. कुणी एखादी आली नाही तर हिला हाक. अंगात ताप असला तरी उभं राहायचं, कारण दोन दिवस दिसली नाही तर तिच्या जागी दुसरी येऊन उभी राहणार. अशी नऊ वर्षं ती उभी होती.

त्या वर्षी मेट्रन बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की दोन जागा कायम होणार आहेत. सातवी पासचा दाखला पाहिजे आणि वय चाळिसाच्या आत पाहिजे. आई एकोणचाळीस वर्षांची होती. म्हणजे परीक्षा एकदाच देता येणार होती, पास झाली तर झाली, नाहीतर जन्मभर त्या दारात.

जवळच्या शाळेत महिला मंडळाने बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला होता. रिटायर झालेले एक मास्तर तीन ते पाच शिकवायचे आणि वर्षाअखेर सातवीची परीक्षा व्हायची. मराठी आईला येत होतं, भूगोल-इतिहास ती पाठ करून टाकायची. अडलं ते गणितात. मास्तर तरी वीस-पंचवीस बायकांत एकटे किती पुरे पडणार! मग संध्याकाळी पाच ते सात, चुलीशी बसून तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. चुलीशी म्हणजे स्टोव्हशी, पण आई शेवटपर्यंत त्याला चूलच म्हणायची.

सुरुवात पूर्णांकांनी झाली आणि पहिल्याच दिवशी माझ्या नाकी नऊ आले. मी लादीवर खडूने आडवी रेघ मारली, मधोमध शून्य काढलं, उजवीकडे एक, दोन, तीन आणि डावीकडे वजा एक, वजा दोन, वजा तीन.

"ह्या डाव्या बाजूला कोण राहतं?" आईने विचारलं.

"वजा संख्या. शून्यापेक्षा लहान."

"शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग काहीच नाही त्याच्याहून कमी कसं असेल गो? रिकाम्या डब्यातून आणखी काय काढणार?"

मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी तिला तिच्या गावच्या विहिरीची आठवण करून दिली. जमीन म्हणजे शून्य, पाणी सात पायऱ्या खाली असलं की वजा सात. हे तिला एकदम पटलं. पण मग मी विचारलं, वजा तीन मोठं की वजा पाच? तर म्हणे वजा पाच, जास्त खोल आहे. मी ओरडले, रेघ दाखवली, पुस्तक दाखवलं. ती शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "पुस्तकवाल्याने विहिरीत पडून बघावं, कुठली मोठी ते कळेल." बाबा पांघरुणातून खो खो हसले. परीक्षेपर्यंत तिने ते काही मान्य केलं नाही.

अपूर्णांकांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तिथेच वाट लागली होती. मी पाटीवर लिहिलं, तेरा गुणिले अडीच. अडीचचे पाच छेद दोन कसे होतात ते सांगायला तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "साडेबत्तीस."

"काय?"

"तेरा अडीच साडेबत्तीस. त्यात काय?"

मला वाटलं लागला असेल अंदाज. मी विचारलं, सात सव्वा? पावणेनऊ. नऊ पाऊण? पावणेसात. अकरा दीड? साडेसोळा. सात साडेतीन? साडेचोवीस. हात तांदळात, डोळे खड्यांवर आणि तोंडाने उत्तरं! मी खाली पाटीवर गुणाकार करून ताळा बघेपर्यंत हिचं पुढचं उत्तर तयार.

आईच्या गावच्या शाळेत तीन वर्षांत पोरांकडून एवढं एकच करून घेतलं होतं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, साडेतीनची औटकी. सगळे अपूर्णांकांचे पाढे, सुरात. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. मग धाकटी भावंडं सांभाळायला तिला घरी बसवलं, पण पाढे काही घरी बसले नाहीत. प्रसूतिगृहात कपडे पिळताना, पोरांच्या दुपट्यांच्या घड्या घालताना ती ते पुटपुटायची. तिच्या लेखी ते गणित नव्हतंच. तोंडाला चाळा होता.

मला खरं तर तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला. मी दोन वर्षं अंश आणि छेद करत घासली होती, आणि ही तिसरीतून शाळा सुटलेली बाई माझ्यापुढे उत्तर देऊन बसते म्हणजे काय! आज लिहितानाही लाज वाटते, पण मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

मात्र तिची गाडी पाव-अर्धा-पाऊणच्या बाहेर गेली की थांबायची. एक तृतीयांश म्हटलं की ती विचारायची, "ह्याची की कुठली?" पावाची पावकी, दीडची दिडकी, मग ह्या तिसऱ्याचा पाढा कुणी केला नाही म्हणजे तो आकडा खरा नसणार, असं तिचं म्हणणं. मी भाकरीचे तीन तुकडे करून दाखवले. तिने ते उचलून बघितले आणि म्हणाली, "सारखे नाहीत." नव्हतेच सारखे. भाकरीचे चार सारखे तुकडे कुणीही करेल, तीन करून दाखवावेत.

विभाज्य आणि लसावि मात्र तिने मला शिकवला म्हटलं तरी चालेल. तीन आणि चार यांचा लसावि काढ म्हटल्यावर ती नुसतीच पाटी पुसायला लागली. मग मीच म्हटलं, समज, तुझ्या वॉर्डात एका बाळाला दर तीन तासांनी दूध आहे आणि एकाला दर चार तासांनी औषध. सकाळी सातला दोघांचं एकदम झालं. परत एकदम कधी?

"संध्याकाळी सातला," ती म्हणाली. "त्या वेळी दोन बायका लागतात. नाहीतर एक पोर रडतं."

"मग बारा! तीन आणि चारचा लसावि बारा!"

"एवढंच होय? मग लसावि लसावि करून घाबरवतात कशाला रे देवा!" असं म्हणून ती इतकी हसली की स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच वाटलं की ही पास होणार. तिलाही वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिने मेट्रन बाईंना सांगून टाकलं की माझं नाव धरून ठेवा.

राहिली होती रीत. परीक्षेत नुसतं उत्तर चालत नाही, ते कसं आलं ते पायरी पायरीने लिहावं लागतं. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा आधी साधा अपूर्णांक करा, मग अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा, मग संक्षिप्त रूप द्या. आईचं उत्तर आधी यायचं आणि मग ती उत्तराकडून मागे मागे रीत शोधत बसायची. आडव्या रेघेच्या वर काय आणि खाली काय यात गोंधळ व्हायचा. छेद खाली हे तिला कळायचं, पण दोन ओळी लिहून झाल्या की वरचं खाली जायचं. पेन्सिलीने पाटी खरवडून निघायची. "उत्तर ठाऊक असलेल्या माणसाला रस्ता कशाला विचारतात गो?" असं ती म्हणायची. पण वैतागून नाही, खरंच कळत नाही म्हणून.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. रविवार होता. शेजारच्या खोलीत टीव्ही होता आणि संध्याकाळी पिक्चर लागायचा. चाळीतली सगळी पोरं आधीच जाऊन पुढची जागा धरून बसली होती. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, आणि मी इकडे साडेतीन गुणिले सव्वाची रीत चौथ्यांदा सांगत होते. उत्तर तिने कधीच दिलं होतं. चार आणि वर तीन अष्टमांश तिला म्हणता येत नव्हतं, पण "साडेचाराला अर्धा पाव कमी" असं ती म्हणाली होती आणि ते अगदी बरोबर होतं. तिने लिहिलं, खोडलं, लिहिलं. छेद पुन्हा वर गेला. तेवढ्यात पलीकडे पिक्चरचं म्युझिक सुरू झालं.

"मरू दे ती रीत!" मी पाटी तिच्यापुढे आपटली. "उत्तर येतंय ना तुला? मग उत्तर लिही आणि सोड. रीत कोण बघतं?"

"नक्की?" तिने विचारलं. "मार्क मिळतील?"

"मिळतील. सांगतेय ना मी!"

मला पक्कं माहीत होतं की पाचातले चार मार्क रीतीचे असतात. आमच्या बाई रोज वर्गात घसा फोडून तेच सांगायच्या. पण मला जायचं होतं. आईने पाटी पुसली आणि "बरं झालं बाय, सुटले," म्हणाली. मी पिक्चर बघायला पळाले. कुठला पिक्चर होता तेही आठवत नाही.

त्यानंतर तिने रीतीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. सोपं झालं होतं सगळं. मी गणित घालायचं, तिने उत्तर द्यायचं, आणि आम्ही दोघी खूष. मला आठवण होत नव्हती असं नाही. रोज होत होती. उद्या सांगू, उद्या सांगू, करत पंधरा दिवस गेले. मास्तर वर्गात रीत लिहायला सांगत असणारच, पण आई मास्तरांपेक्षा माझं ऐकायची. मी वर्गात पहिली होते ना!

परीक्षेहून ती अशी काही उड्या मारत आली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "अर्ध्या तासात सोडवलं," म्हणाली. "बाकीच्या बाया बोटं मोजत बसलेल्या आणि मी खिडकीतून बघत बसले. ती तिसरी-फिसरीवाली सोडून दिली, बाकी सगळी लिहिली."

"रीत लिहिलीस?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना नको म्हणून?"

मी तिला पाणी आणून दिलं. तिने त्या दिवशी शिरा केला, माझ्या वाटीत जास्त तूप घातलं आणि बाबांना म्हणाली, "हिच्यामुळे झालं सगळं."

निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांत आई पास होती. गणितात चोवीस. पस्तीस लागायचे. तिने यादी वाचली, पुन्हा एकदा बोट फिरवून वाचली आणि पदर तोंडाला लावून घरी आली. रडली नाही. "माका जमाचा नाय," एवढंच म्हणाली, "ते आपलं कामच नव्हतं." मास्तरांना जाऊन विचार म्हटलं तर नाही म्हणाली. नापास झालेल्या बाईने काय तोंड घेऊन जायचं?

म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर मीच गेले. मास्तर एकटेच बसले होते. त्यांनी गठ्ठ्यातून आईचा पेपर काढला. लहान गणितांचे मार्क मिळाले होते. खाली सहा मोठी गणितं होती, सहाचीही नुसती उत्तरं, आईच्या मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरात. सहाही बरोबर. प्रत्येकापुढे लाल शून्य आणि शेवटी शेरा, रीत नाही, नक्कल वाटते.

"पेपर तपासायला दुसऱ्या बाई होत्या," मास्तर म्हणाले. "त्यांना वाटलं कुणाचं तरी बघून लिहिलं. पण मी आजूबाजूच्या बायकांचे पेपर काढून बघितले. त्यांची सगळ्यांची चुकली आहेत. मग हिने बघितलं कुणाचं?"

"तिला येतात सर," मी म्हणाले. "तोंडी येतात. तिला पावकी, दिडकी, सगळं पाठ आहे."

मास्तरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अडीचकी येते? अरे, मग घेऊन ये तिला! माझ्यासमोर तोंडी करून दाखवू दे, मी बाईंशी बोलतो. निकालाचा तक्ता शनिवारी पाचला वर जातो. तोवर तो माझ्या हातात आहे. सहा पंचे तीस, तीस आणि चोवीस चोपन्न. पास आहे तुझी आई!"

मी उठलेसुद्धा. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "पण रीत का नाही लिहिली गं तिने? मी दहा वेळा सांगितलंय वर्गात. येऊ दे, विचारतोच तिला."

माझे पाय तिथेच थांबले. आई आली की हे विचारणार. आणि ती काय सांगणार? पोरीने सांगितलं, रीत कोण बघतं. माझ्यासमोर सांगणार, सरळ मनाने, माझ्यावर जराही न रागावता.

"माहीत नाही सर," मी म्हणाले.

घरी आले तर आई दारातच उभी. "गेली होतीस ना? काय म्हणाले?"

"काही नाही. चुकलीत म्हणाले. सगळी चुकलीत."

हे वाक्य मी बोलले. मी बारा वर्षांची होते, कुणी मला धमकावलं नव्हतं, आईने आयुष्यात कधी माझ्यावर हात उगारला नव्हता. मार बसेल अशी भीती नव्हती. मला हुशार राहायचं होतं, बस. तिच्या नजरेत मी जी होते ती मला तशीच राहायला हवी होती. त्यासाठी मी तिची नोकरी घालवली.

"मला वाटलंच," आई म्हणाली. मग माझं तोंड बघून मलाच जवळ घेतलं. "तू कशाला रडतेस? तू जीव तोडून शिकवलंस. माझंच डोकं दगड, त्याला कोण काय करणार?"

गुरुवारी मी सांगणार होते. शुक्रवारी सकाळी ती दारात उभं राहायला निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत मागे गेले, हाकही मारली. तिने वळून "काय गो?" म्हटलं आणि मी म्हणाले, काही नाही. शनिवारी तिला काम मिळालं नाही. दुपारी ती घरीच होती. शाळा दहा मिनिटांवर. ती मोरीपाशी मांदेली साफ करत बसली होती आणि मी पुस्तक उघडून घड्याळाकडे बघत होते. चार वाजले. साडेचार वाजले. पावणेपाचला मी उभी राहिले. तिने मान वर करून विचारलं, "भूक लागली?" मी परत बसले.

पाच वाजून गेले तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? सुटले असंच वाटलं.

त्या दोन जागा दुसऱ्या बायकांना मिळाल्या. त्यातल्या एकीला काम आईनेच शिकवलं. आई पुढे चौदा वर्षं सकाळी सातला त्या दारात उभी राहिली, गुडघे गेले तेव्हाच थांबली. पावकी, दिडकी तिने पुन्हा कधी तोंडातून काढली नाही. बाजारात दीड किलो, सव्वा मीटर काहीही घ्यायचं असलं की हिशोबाला मला पुढे करायची आणि दुकानदाराला अभिमानाने सांगायची, "हिला विचारा, मला त्यातलं काही कळत नाही." मी हिशोब सांगायचे.

तिला खरं सांगायला मला जवळजवळ तीस वर्षं मिळाली. शेवटच्या आजारपणात तर आम्ही दोघीच असायचो, दुपारच्या दुपार. मी सांगितलं नाही. आपल्याला अपूर्णांक कधी आलेच नाहीत असं समजून ती गेली.